ठुशी : सेटर कुत्रीसोबतचे अठरा महिने आणि दोन हंगाम

मे २०२४ मध्ये आठ आठवड्यांचं इंग्लिश सेटरचं पिल्लू घरी आणलं. आता नोव्हेंबर २०२५ चा शेवट आहे. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये ग्राउज या रानपक्ष्याच्या शिकारीचा पहिला टप्पा १४ तारखेला संपला, बंदूक पुसून कपाटात गेली, आणि कुत्री सोफ्यावर उताणी पडून घोरतेय. लिहायला हीच वेळ बरी. पिल्लू आणल्यावर महिन्याभरात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं, आणि पहिल्या हंगामानंतर लिहिलं असतं तर नुसत्या शिव्या.

आधी माझ्याबद्दल, म्हणजे कोणत्या चष्म्यातून बघतोय ते कळेल. मी मूळचा अकोल्याकडचा, बारा वर्षं ग्रँड रॅपिड्सजवळ राहतो, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी. आजोबांकडे ठासणीची बंदूक होती. ते तित्तर-लावऱ्यांच्या गोष्टी सांगायचे, पण मी जन्मेपर्यंत ते सगळं गोष्टींतच उरलं होतं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला वेसण घातली आणि १९९१ च्या दुरुस्तीने दारच लावून घेतलं. ते योग्यच झालं असं माझं मत आहे. इथे हिशोब वेगळा आहे : परवाना, ठरलेले दिवस, दिवसाला ठरलेले पक्षी. १ जानेवारी १९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्याला सुरक्षेचा कोर्स केल्याशिवाय साधारणपणे परवाना मिळत नाही. मी तो चाळिशीत, तेरा-चौदा वर्षांच्या पोरांच्या शेजारी बसून केला.

सेटरच का? इथे रफ्ड ग्राउज राहतो तो कोवळ्या अॅस्पनच्या दाटीत. मोठी झाडं तोडली की अॅस्पन मुळांपासून पुन्हा फुटतो, आणि दहा-पंधरा वर्षांत हात घालायला जागा नाही इतकी काठ्यांची गर्दी होते. ग्राउजला नेमकं तेच आवडतं. त्यात कुत्र्याशिवाय फिरणं म्हणजे नुसता फडफडाट ऐकून घरी येणं. पॉइंटर, ब्रिटनी, जर्मन शॉर्टहेअर सगळे चालतात. पण एका सहकाऱ्याच्या म्हाताऱ्या सेटरमागे दोन शरद ऋतू चाललो आणि डोक्यात तेच बसलं. 'सेटर' नावामागची गोष्टही मला भावली. बंदुका यायच्या आधी ही कुत्री पक्ष्याचा वास लागला की जमिनीला चिकटून बसायची आणि मागून माणूस कुत्र्यासकट जाळं टाकायचा. आमच्या गावाकडे फासेपारधी वाघुरी लावून तित्तर धरायचे ते आजोबांनी सांगितलं होतं. जाळं, दबा, श्वास रोखणं. समुद्रापलीकडचं काहीतरी ओळखीचं निघालं.

आता मुद्द्याचं. पिल्लू निवडताना माझी जी चूक होता होता वाचली, ती बऱ्याच जणांची होतेच.

२०२२ मध्ये मी एका जाहिरातीवर भाळलो होतो. शेजारच्या राज्यातला विक्रेता, फोटोत पांढरंशुभ्र पिल्लू, दोरीला बांधलेल्या पंखासमोर एक पाय उचलून दगडासारखं उभं. खाली लिहिलेलं, 'अस्सल लुएलिन, चॅम्पियन रक्त'. दोनशे डॉलर आगाऊ भरणारच होतो. सहकाऱ्याने एकच प्रश्न विचारला, "आई-बाप जंगली पक्ष्यावर काम करताना कुणी पाहिलेत?" फोन करून विचारलं. समोरून उत्तर आलं की आई फार प्रेमळ आहे, बापाला शोमध्ये फिती मिळाल्यात. मी फोन ठेवला.

पंख दोरीला बांधून नाचवला की जवळपास कुठल्याही शिकारी जातीचं पिल्लू पॉइंट धरतं, म्हणजे पक्ष्याच्या रोखाने गोठून उभं राहतं. ते डोळ्यांनी बघून धरलेलं असतं. मांजरही धरेल. जंगलात पक्षी दिसत नाही, त्याचा फक्त वास येतो. त्यामुळे त्या फोटोवरून पिल्लाबद्दल काहीच कळत नाही, फक्त फोटोग्राफरबद्दल कळतं. नावाचंही तेच. एडवर्ड लॅव्हरॅकने एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात ही जात घडवली, पर्सेल लुएलिनने त्याच्याकडची कुत्री घेऊन मैदानी कामासाठी आपला वंश काढला, आणि त्या वंशाची कुत्री अमेरिकेत 'लुएलिन' म्हणून आजही वेगळी नोंदली जातात. चांगली लुएलिन कुत्री मी पाहिलीत. पण त्या एका शब्दावर दोन-चारशे डॉलर जास्त लावणारेही पाहिलेत. हापूसच्या पेटीवर देवगड लिहिलं म्हणून आतला आंबा देवगडचा असतोच असं थोडंच आहे.

दुसरी गोष्ट शो आणि मैदान यांची. एकाच जातीत आता दोन वेगळी जनावरं झालीत. शोचा सेटर तीस किलोपर्यंत जातो, त्याहून वरही. भरघोस झालर, लोंबते ओठ, राजेशाही चाल. मैदानी सेटर वीस किलोच्या आसपास, सडपातळ, शेपटी वर. शोचा वाईट नाही, घरात देखणा दिसतो. पण दिवसभर चिखलात पळायला तो वंश गेल्या कित्येक पिढ्यांत कुणी निवडलेलाच नाही.

मग मी दोन वर्षं थांबलो. उत्तरेत कॅडिलॅक गावाच्या पलीकडे कुत्री पाळणारं एक जोडपं आहे, वर्षाला एकच वीण, कधी तीही नाही. वेबसाइट नाही. फोनवर त्यांनीच माझी मुलाखत घेतली : वर्षाला किती दिवस रानात जातोस, घरात ठेवणार की बाहेर, लहान मुलं आहेत का. मी किंमत विचारली तर म्हणाले, "आधी ऑक्टोबरात ये आणि आमच्या कुत्रीच्या मागून चाल."

२०२३ चा तो ऑक्टोबर मी विसरणार नाही. आई कुत्री पाच वर्षांची, पांढऱ्यावर निळसर-काळे ठिपके, गळ्यात पितळी घंटा. आपल्याकडे गुरांच्या गळ्यात असते तशीच, जरा लहान. दाट झाडीत कुत्री दिसत नाही, घंटा ऐकू येते, आणि तुम्ही त्या आवाजावर चालत राहता. अर्धा तास किणकिण चालू होती. मग ती थांबली. कानात एकदम पोकळी झाल्यासारखं वाटलं. त्या जोडप्यातले म्हातारबाबा कुजबुजले, "आता शोध." म्हणजे घंटा वाजते तोवर कुत्री कुठे आहे ते कळतं, आणि नेमकी काम सुरू केल्यावरच ती हरवते! पाच मिनिटांनी सापडली. अॅल्डरच्या झुडपात, चिखलात पोटापर्यंत, मान वळवलेली, एक कान उलटा. आम्ही पोचेपर्यंत ती हलली नव्हती. समोरून वुडकॉक नावाचा पक्षी उडाला, बाबांनी बंदूक उचललीच नाही. मला म्हणाले, "पाहिलंस? आता पिल्लाबद्दल बोलू."

खाण तशी माती. मला अठरा महिन्यांनंतर एवढंच ठामपणे सांगता येतं : पिल्लू निवडू नका, वीण निवडा. आईला काम करताना पाहा, जमलं तर बापाला. चांगल्या विणीतून डोळे मिटून उचललं तरी चालतं. वाईट विणीतून कितीही निरखून उचला, कपाळाला हातच. मार्च २०२४ मध्ये नऊ पिल्लं झाली. माझा नंबर तिसरा होता. मला मादी हवी होती, चार मादी होत्या, दोन आधी गेल्या. उरलेल्या दोघींत मी दोन तास घालवले आणि शेवटी जी माझ्या बुटाची नाडी सोडून परत माझ्याच मांडीवर झोपली ती घेतली. यात शास्त्र शून्य.

शास्त्र होतं ते कागदात. आई-बापाच्या खुब्यांचे एक्स-रे तपासून मिळालेला दाखला, आणि पिल्लांच्या कानांची तपासणी. ही दुसरी गोष्ट बरेच जण विचारत नाहीत. पांढऱ्या अंगाच्या जातींत कधीकधी आतल्या कानात रंगपेशी नसतात आणि पिल्लू एका किंवा दोन्ही कानांनी बहिरं निघतं. एका कानाने बहिरं पिल्लू तुम्हाला घरात कळणारही नाही, पण रानात शिट्टी मारली की ते भलत्याच दिशेला पळेल. सहा आठवड्यांनंतर मेंदूच्या प्रतिसादावरून ही तपासणी होते, पिल्लाला काही त्रास नाही. आमच्या विणीत नऊच्या नऊ दोन्ही कानांनी ठणठणीत होती. किंमत १५०० डॉलर. महाग वाटली होती. आता सगळ्या खर्चात ती सगळ्यात स्वस्त वस्तू होती असं वाटतं.

नाव ठुशी. अंगावरचे ठिपके ठुशीच्या मण्यांसारखे दिसले म्हणून बायकोने ठेवलं. बाबांना ठ जमत नाही, ते 'तूशी' म्हणतात. कुत्रीला दोन्ही चालतं.

पहिले तीन महिने फार काही करायचं नसतं आणि तेच सगळ्यात अवघड असतं. लांब गवतात फिरवा, पाण्यात जाऊ द्या, चिमण्यांमागे धावू द्या. ४ जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, ती पंधरा आठवड्यांची होती. आमच्या गल्लीत त्या रात्री दिवाळी. मी तिला तळघरात घेऊन मोठ्याने टीव्ही लावून बसलो, कारण फटाक्यांनी घाबरलेलं पिल्लू पुढे बंदुकीला घाबरतं आणि ते दुरुस्त करणं महाकठीण. बंदुकीच्या आवाजाची ओळख नंतर कबुतरांबरोबर केली : कबुतर उडालं, ती मागे धावली, आणि ऐंशी यार्डांवरून सहकाऱ्याने खोट्या काडतुसाचं पिस्तूल वाजवलं. तिने मान वळवून पाहिलंही नाही. आठवड्या-आठवड्याने अंतर कमी केलं. जेवताना भांडी आपटून सवय लावा असा एक जुना सल्ला फिरतो, तो कृपया विसरा. त्यातून पिल्लू आवाजाला सरावत नाही, जेवणालाच घाबरतं.

माझ्या चुका. पहिली, भाषेची. हौसेने सगळ्या आज्ञा मराठीत शिकवल्या. 'ये' झकास चाललं. पॉइंटवर उभं राहायला 'थांब' शिकवलं आणि पस्तावलो. आमच्या घरात धाकट्याला दिवसातून पन्नास वेळा "थांब रे!" म्हणावं लागतं. प्रत्येक वेळी ही स्वयंपाकघराच्या मधोमध पुतळा होऊन उभी. आठ-दहा दिवस सगळे हसलो. मग लक्षात आलं की तिने हळूहळू ते ऐकणं सोडून दिलंय, कारण कुणी तिला म्हणतच नव्हतं. शेवटी इथले लोक घोड्याला म्हणतात ते 'व्हो' उचललं. घरात रोज बोलला जाणारा शब्द आज्ञेसाठी वापरू नका, कुठल्याही भाषेत.

दुसरी चूक पैशाची आणि घाईची. सप्टेंबर २०२४ मध्ये ती सहा महिन्यांचीही नव्हती तेव्हा तिला पक्षी पाळून सोडणाऱ्या एका खासगी रानात नेलं. तिथले बॉबव्हाइट लावे पिंजऱ्यात वाढलेले, काहींना धड उडताही येत नव्हतं. दुसऱ्याच लाव्यावर ठुशीने झडप घातली आणि तोंडात धरून नाचत आली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही. त्या टाळ्या मला फार महागात पडल्या. पक्षी पकडता येतो हे एकदा कळलं की कुत्रं उभं का राहील? तो अख्खा हंगाम ती वास लागला की सरळ आत घुसायची. ग्राउज असल्या प्रकाराला भीक घालत नाही, चाळीस यार्डांवरूनच उडतो. त्या हंगामात माझ्या वहीतल्या नोंदीप्रमाणे तिने ३७ ग्राउज उडवले आणि नीट पॉइंटवर धरला एकही नाही.

नियम सोपा आहे : कुत्र्याने पॉइंटवर धरलेल्याच पक्ष्यावर गोळी झाडायची, उडवलेल्यावर नाही. मी तो दोनदा मोडला. एकदा नेम लागलाही. त्या दिवशी घरी येताना गाडीत मी खूश होतो आणि तीही खूश होती, आणि दोघांनीही चुकीचा धडा गिरवला होता.

सुधारणा माझ्यामुळे झाली नाही. ती वुडकॉकमुळे झाली. मार्चअखेर हे पक्षी दक्षिणेकडून परततात, लांब चोचीने ओल्या मातीत गांडुळं शोधत बसतात, आणि कुत्रं जवळ आलं तरी बराच वेळ दबून राहतात. पिल्लाला शिकवायला याहून चांगला मास्तर नाही. पण इथे १६ एप्रिल ते ७ जुलै जंगली पक्ष्यांवर कुत्री शिकवायला बंदी असते, घरटी आणि पिल्लं असतात म्हणून. म्हणजे हातात जेमतेम तीन आठवडे. मी ऑफिसातून चार वाजता निघायचो. बंदूक नाही, शिट्टी नाही, नुसती लांब दोरी. सावलीत अजून बर्फ होता.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी तिची घंटा थांबली. मी जाऊन पाहिलं तर ती वाकडी उभी, अर्धं वळण घेतानाच गोठलेली, नाकपुड्या हलतायत आणि बाकी काही नाही. तोंडातून 'व्हो' निघणार होतं, ते गिळलं. दोरी हातात घेतली नाही. मोजलं नाही, पण दोनेक मिनिटं गेली असतील. मग तिने एक पाऊल टाकलं आणि पक्षी उडाला. ती तो गेलेल्या दिशेला बघत राहिली. दुसऱ्या दिवशी तिने ते एक पाऊलही टाकलं नाही. जास्त जवळ गेलं की तो जातो, हे तिला पक्ष्याने सांगितलं. मी सहा महिने अंगणात दोरी ओढत तेच सांगत होतो आणि तिला ते अंगणापुरतंच कळत होतं. १५ एप्रिलपर्यंत तिने २२ वुडकॉक धरले.

दुसरा हंगाम १५ सप्टेंबरला उघडला आणि बाईसाहेब १२ तारखेला माजावर आल्या. मादी घेताना याचा हिशोब मी केलाच नव्हता. तीन आठवडे कुणाच्या कुत्र्यासोबत जायची सोय नाही. एकटे गेलो. एका अर्थी बरंच झालं, आम्हाला एकमेकांची चाल कळली.

मग साळिंदर. ऑक्टोबरच्या मध्यावर संध्याकाळी ती किंचाळत परतली, तोंड, जीभ, छाती काट्यांनी भरलेली. इथल्या साळिंदराच्या काट्यांना टोकाशी बारीक आकडे असतात. बाहेर ओढायला जड, आत सरकायला सोपे. खिशात चिमटा होता, दहा-बारा काढले, मग तिने दाद दिली नाही. काटे कापू नका, त्याने काही होत नाही, फक्त धरायला जागा उरत नाही. पाऊण तास गाडी चालवून रात्रीच्या दवाखान्यात, भूल, ६४० डॉलर. डॉक्टरीणबाईंनी ८३ मोजले. पुढच्या आठवड्यात ठुशीने आणखी एक साळिंदर पाहिलं आणि त्याला लांबून वळसा घातला, हे तिच्या अकलेचं प्रशस्तिपत्र समजावं.

रोजच्या वापरातलं, म्हणजे तक्रारी. केस. पायाच्या आणि शेपटीच्या झालरीत कुसळं आणि गोखरूसारखी काटेरी बोंडं इतकी अडकतात की एका शिकारीमागे तासभर तरी विंचरणं. यावर माझा उपाय म्हणजे पॅराशूटची निळी बाटली. आधीच झालरीला तेल चोपडून नेलं की बोंडं हातासरशी निघतात. फक्त परतीच्या वाटेवर ती स्वतःलाच चाटत बसते. बर्फात पंजांच्या केसांत गोळे होतात, ते कापून ठेवावे लागतात. उशिरा शहाणी होते, हे सेटरबद्दल सगळेच सांगतात आणि ते खरं आहे. सहकाऱ्याचा शॉर्टहेअर वर्षाचा असताना जे करत होता ते हिला दीड वर्षाला जमतंय. एकटं राहायला आवडत नाही, पहिल्या वर्षी तिने दाराची चौकट कुरतडली. हाक मारून रागावलं की दोन तास रुसते. आवाज चढवणाऱ्याने ही जात घेऊ नये. मी आवाज चढवणाराच होतो. बायको म्हणते निम्मी शिकवणी कुत्रीने तुझी घेतली.

घंटेबरोबर मी जीपीएसचा पट्टाही लावतो, हरवू नये म्हणून. पण पडद्याकडे बघत चालणारा माणूस फांदी डोळ्यात घेतो, हे अनुभवाने सांगतो. नारिंगी टोपी किंवा जॅकेट इथे सक्तीचं आहे, मी तिलाही नारिंगी बनियन घातलंय.

या हंगामात ठुशीने १९ ग्राउज नीट धरले. मी पाच पाडले, वीस बोअरच्या दुनळीने. बाकीचे माझ्या नेमाचं पाप, तिचं नाही. एकदा दोन्ही नळ्या रिकाम्या गेल्यावर तिने वळून माझ्याकडे जे पाहिलं ते माझ्या वडिलांनी दहावीच्या निकालाच्या दिवशी पाहिलं होतं. पहिल्या ग्राउजचा सावजी रस्सा केला तो मात्र घोर अपराध होता, इतकं कोवळं पांढरं मांस मसाल्यात मेलं. आता लोणी, मीठ, थोडी मिरी. वुडकॉकचं मांस काळसर, कलेजीच्या चवीचं. त्याला रस्सा चालतो. आई फोनवर दर वेळी विचारते, "मारलंस का रे आज?" मी "नाही" म्हटलं की तिला बरं वाटतं. बहुतेक वेळा ते खरंही असतं.

इथल्या मंडळाच्या गणपतीत एकाने तिचे लाड करत विचारलं, असंच पिल्लू आम्हालाही घेऊन दे, पोरांना खेळायला. मी नाही म्हटलं. रोज दीड-दोन तास मोकळं पळणं मिळालं नाही तर ही कुत्री घर खाईल, आणि चूक तिची नसेल. पुण्याहून भाच्यानेही विचारलं. त्याला सांगितलं, चौथ्या मजल्यावर, मे महिन्यात, ही झालर घेऊन ती काय करेल? त्याला गावठी पिल्लू घे म्हटलंय. घेतलंही त्याने, फोटो पाठवलाय, मस्त आहे.

बाबांचा परवा फोन आला होता. ठुशीच्या आईची आणखी एकच वीण काढणार, येत्या वसंतात, यादी भरत आलीय, तुझं नाव घालू का. बायको समोरच बसली होती, तिने ऐकलं. मी त्यांना म्हटलं, १ डिसेंबरला हंगामाचा दुसरा टप्पा उघडतोय, तो होऊ दे, मग सांगतो. त्यांनी तोवर पेन्सिलने लिहून ठेवलंय.